ओहम मास्तर : कुलपे करणाऱ्याचा मुलगा

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादे जुने डबडे असते. त्यात मोडक्या रेडिओचे सुटे भाग, खेळण्यातली मोटर, टॉर्चचा बल्ब, दोन-चार सेल आणि तारेचे तुकडे साठवलेले असतात. एकेकाळी बारामती आणि इंदापूरच्या पेठेतील रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांसमोर अशी मुले तासन् तास उभी राहत. आज त्याच उत्सुकतेने ती मोबाइल दुरुस्तीच्या टेबलाशी उभी राहतात. वस्तू बदलली, जिज्ञासा तीच आहे. या मुलांना लवकरच एक शब्द भेटतो, तो म्हणजे ‘ओहम’. रेझिस्टर विकत घ्यायला गेले की दुकानदार विचारतो, किती ओहमचा हवा? मल्टीमीटरच्या चकतीवरही ओमेगा या ग्रीक अक्षराची घोड्याच्या नालासारखी खूण असते. परंतु हा ओहम नावाचा एक माणूस होता, तो शाळामास्तर होता आणि त्याचे वडील कुलपे-किल्ल्या करून पोट भरीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाचे चरित्र आणि त्याने शोधलेला साधा नियम, या दोन्हींची ओळख करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

कारागिराच्या घरी

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलूप-कारागीर होते, तर आई शिंप्याची मुलगी होती. घरात सात मुले जन्मली. त्यांपैकी जॉर्ज, धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण एवढी तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली.

वडिलांना रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. तथापि या गृहस्थांनी दिवसभर कानस आणि हातोडा चालवून उरलेल्या वेळात स्वतःच्या हिमतीवर गणित व विज्ञान यांचा अभ्यास केला होता, आणि तो इतका की मुलांना ते स्वतः शिकवीत. गावच्या शाळेत जॉर्जला जे मिळाले त्याहून अधिक त्याला घरी मिळाले. तो पंधरा वर्षांचा असताना एर्लांगेन विद्यापीठातील प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी त्याची परीक्षा घेतली आणि गणितज्ञांचे घराणे म्हणून गाजलेल्या बेर्नुली बंधूंशी या कारागिराच्या मुलांची तुलना केली. पुढे धाकटा मार्टिनही गणिताचा प्राध्यापक झाला.

वडिलांची ही धडपड आपल्याकडील पालकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या भागातही मिस्त्री, वेल्डर, शिकलगार, मोटर रिवाइंडिंग करणारे, फळांची गाडी लावणारे असे कष्टकरी पालक मोठ्या संख्येने आहेत. मुलाचा अभ्यास घेण्याइतके आपण शिकलो नाही, असे त्यांतील कित्येकांना वाटते. योहान ओहमही शिकलेले नव्हते, पण मुलांसाठी ते शिकले.

१८०५ साली जॉर्जने विद्यापीठात नाव घातले. मात्र तेथे त्याचे लक्ष नृत्य, बर्फावरील घसरखेळ आणि बिलियर्ड यांतच रमले. पोटाला चिमटा घेऊन शिकवणारे वडील रागावले. त्यांनी त्याचे विद्यापीठ सोडवले आणि १८०६ साली त्याला स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवायला पाठविले. ही शिक्षा वरदान ठरली. दुसऱ्यांना शिकवता शिकवता तो स्वतः नेटाने अभ्यास करू लागला. १८११ साली तो परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळविली.

पदवी मिळाली, परंतु भाकरीचा प्रश्न सुटला नाही. विद्यापीठातील अध्यापनाच्या तुटपुंज्या कमाईवर भागेना, म्हणून १८१३ साली बांबेर्ग येथील एका सामान्य शाळेत नोकरी धरावी लागली. १८१६ साली ती शाळाही बंद पडली. अशा अवस्थेत त्यांनी भूमितीवर एक पुस्तक लिहिले आणि ते प्रशियाच्या राजाकडे पाठविले. त्याचे फळ म्हणून १८१७ साली कोलोन शहरातील जेझुइट विद्यालयात त्यांना गणित व पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाची जागा मिळाली. शाळा कॅथलिकांची आणि ओहम प्रॉटेस्टंट होते. पण तेथे गुणांची कदर झाली. पुढे थोर गणितज्ञ म्हणून नावाजलेला डिरिक्ले हा या शाळेत त्यांचा विद्यार्थी होता. या शाळेची प्रयोगशाळाही चांगली होती. शिकवणे संपले की ओहम मास्तर तेथे रमू लागले.

त्या काळचा प्रश्न

१८०० साली इटलीतील व्होल्टा यांनी पहिली विजेची बॅटरी तयार केली होती. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना आढळले की, तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई हलते. म्हणजे वीज कमी की जास्त हे मोजण्याचे साधन हाती आले. परंतु नक्की काय मोजायचे याबद्दल सगळा गोंधळ होता. दाब, प्रवाह आणि रोध या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हेच स्पष्ट नव्हते.

आपल्या भागातील माणसाला हे तिन्ही शब्द समजावून घेणे अवघड नाही. नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती करीत इंदापूरकडे येतो. पाटात पाणी वाहते ते वरच्या व खालच्या पातळीतील फरकामुळे. तो फरक म्हणजे विजेचा दाब होय. तो व्होल्टमध्ये मोजतात. दर सेकंदाला किती पाणी पुढे गेले, तो प्रवाह. विजेच्या बाबतीत तो अँपिअरमध्ये मोजतात. चारी अरुंद असेल, गवत माजले असेल, तर पाण्याला अडथळा होतो; तारेतील अशा अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो मोजण्याचे माप म्हणजेच ओहम.

ही उपमा मात्र एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. कालव्याचे पाणी वाटेत मुरते, झिरपते आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचेतो निम्मे होते. विजेचा प्रवाह असा मुरत नाही. साध्या एकेरी मंडलात सेलच्या एका टोकातून जेवढा प्रवाह निघतो, तेवढाच बल्बमधून जातो आणि तेवढाच दुसऱ्या टोकाशी परततो. वाटेत खर्ची पडतो तो दाब. बल्बमध्ये वीज ‘संपते’ असे समजणारा नवशिका येथेच चुकतो.

चूक आणि दुरुस्ती

ओहम यांचा प्रश्न साधा होता. तार लांब केली की प्रवाह कमी होतो. पण किती लांब केली असता किती कमी होतो? १८२५ साली त्यांनी प्रयोग करून एक सूत्र प्रसिद्ध केले, आणि ते चुकीचे निघाले. दोष त्यांच्या हिशेबापेक्षा बॅटरीचा अधिक होता. त्या काळच्या बॅटऱ्या वापरता वापरता झपाट्याने मंदावत. प्रयोग चालू असताना दाबच बदलत असेल, तर तारेचा परिणाम कोणता आणि बॅटरीचा कोणता, हे कसे ओळखावे?

पोगेनडोर्फ या संशोधक-संपादकांनी त्यांना सुचविले की, बॅटरी सोडून उष्णतेपासून मिळणारी वीज वापरावी. दोन वेगळ्या धातूंचे सांधे केले आणि एक सांधा तापविला, दुसरा थंड ठेवला, तर अल्पशी वीज निर्माण होते. हे झेबेक यांनी थोड्याच वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे सांधे घेतले. एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. उकळत्या पाण्याचे तापमान बदलत नाही आणि वितळत्या बर्फाचेही बदलत नाही, म्हणून विजेचा दाबही स्थिर राहिला. मग त्यांनी सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड २ इंचांची आणि सर्वांत लांब १३० इंचांची होती. एकेक तार जोडून बारीक तारेला टांगलेली चुंबकसुई किती वळते, हे ते टिपत गेले. या कामी कारागिराच्या घरात मिळालेले हाताचे कसब उपयोगी पडले असेल, असे मानायला हरकत नाही.

१८२६ सालच्या या प्रयोगांतून खरा नियम हाती आला. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. रोध दुप्पट केला की प्रवाह निम्मा होतो. म्हणजे दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. सातवीच्या मुलाला जमेल असा हा भागाकार आहे. त्यांच्या सूत्रात आणखी एक बारकावा होता. बाहेरच्या तारेच्या रोधात त्यांनी वीज पुरवणाऱ्या साधनाचा स्वतःचा रोधही मिळविला होता. आपल्या पहिल्या चुकीपासून घेतलेला हा धडा होता असे म्हटले तरी चालेल.

नोकरी पणाला

हे काम पुरे करण्यासाठी ओहम यांनी १८२६ साली अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि ते बर्लिनला भावाकडे गेले. १८२७ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. फूर्ये या फ्रेंच गणितज्ञाने सळईतून उष्णता कशी वाहते याचे गणित मांडले होते. भट्टीत एक टोक धरलेल्या लोखंडी गजात उष्णता तापलेल्या टोकाकडून थंड टोकाकडे सरकते, त्याच धर्तीवर वीज अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहते असे ओहम यांनी दाखविले.

त्यांची अपेक्षा होती की, या पुस्तकामुळे एखाद्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल. घडले उलटेच. गणितात मांडलेली ही वीज अनेक विद्वानांना रुचली नाही. त्या वेळी बर्लिनमध्ये हेगेल यांच्या तत्त्वज्ञानाचा प्रभाव होता आणि निसर्गाचे ज्ञान मोजमापापेक्षा विचाराने मिळते असे मानणारा वर्ग मोठा होता. पोल नावाच्या टीकाकाराने पुस्तकाची कडक शब्दांत हजेरी घेतली. हवी असलेली जागा मिळण्याची आशा मावळली. मानी स्वभावाच्या ओहम यांनी १८२८ साली कोलोनच्या नोकरीचाही राजीनामा दिला.

पुढची पाच-सहा वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर काढली. ज्या नियमावर पुढे साऱ्या जगाचा वीजव्यवहार उभा राहिला, तो नियम शोधणारा माणूस चाळिशीत पोटासाठी तास घेत हिंडत होता. त्यांनी लग्न केले नाही. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांना जागा मिळाली, तेव्हा कोठे थोडे स्थैर्य आले.

दरम्यान इतर देशांतील संशोधक तेच प्रयोग करून पाहत होते आणि प्रत्येक वेळी ओहम यांचाच नियम बरोबर ठरत होता. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले मानाचे कोप्ली पदक त्यांना दिले व पुढच्याच वर्षी त्यांना आपले परदेशी सदस्य करून घेतले. बाहेरच्यांनी मान दिल्यावर घरच्यांचेही डोळे उघडले. १८४९ साली ते म्यूनिकला गेले आणि १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तेथील विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तरुणपणी पाहिलेले स्वप्न पुरे झाले, पण त्याचा उपभोग दोनच वर्षे घडला. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच १८५४ साली आपल्या देशात कलकत्ता ते आग्रा हा तारायंत्राचा मार्ग सुरू झाला. शेकडो मैल लांब तारेतून संदेश पाठवायचा तर किती सेल जोडावे आणि तार किती जाड घ्यावी, याचा हिशेब ओहमच्या नियमाशिवाय करता येत नाही. १८८१ साली पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट व अँपिअर या मापांबरोबर रोधाच्या मापाला ओहम हे नाव मान्य केले. १ व्होल्ट दाबाने १ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तेथील रोध १ ओहम.

आपल्या टेबलावर ओहम मास्तर

आता हा नियम हाताशी धरून दोन-तीन हिशेब करून पाहू. प्रयोग फक्त सेलवर करावेत. घरातील २३० व्होल्टच्या बोर्डाला नवशिक्याने कधीही हात लावू नये. तो दाब जीव घेऊ शकतो.

दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडले की ३ व्होल्ट होतात. त्यांना १०० ओहमचा रेझिस्टर लावला तर प्रवाह ३ भागिले १००, म्हणजे ०.०३ अँपिअर, अर्थात ३० मिलीअँपिअर. तसेच दोन रेझिस्टर एका रांगेत जोडले तर रोध २०० ओहम झाला आणि प्रवाह १५ मिलीअँपिअरवर आला. तेच दोन शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर जोडले तर विजेला दोन वाटा मिळतात. रोध ५० ओहम होतो आणि प्रवाह ६० मिलीअँपिअर. एका पाटाऐवजी दोन सारखे पाट सोडले तर पाणी दुप्पट जाते, तसेच हे आहे.

९ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी सरळ जोडला तर तो क्षणात जळतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. एलईडी स्वतः ओहमचा नियम पाळत नाही; तो पेटला की त्याच्या दोन टोकांत साधारण २ व्होल्ट राहतात. उरलेले ७ व्होल्ट कोणी तरी पेलले पाहिजेत. आपल्याला १५ मिलीअँपिअर प्रवाह हवा असेल, तर ७ भागिले ०.०१५ म्हणजे सुमारे ४६७ ओहम. बाजारात जवळचा ४७० ओहमचा रेझिस्टर मिळतो. त्यावर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात. त्यात खर्च होणारी शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह, सुमारे ०.१ वॅट. तेव्हा पाव वॅटचा रेझिस्टर पुरे.

आणखी एक गंमत. जुना सेल मीटरवर चांगला दाखवतो, पण टॉर्चमध्ये घातला की उजेड पडत नाही. असे का? सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, म्हणून दाब पुरा दिसतो. बल्ब प्रवाह मागतो, तेव्हा बराचसा दाब सेलच्या आतच खर्च होतो. १८२५ साली ओहम मास्तरांना याच स्वभावाच्या बॅटरीने चकविले होते. म्हणून सेल तपासताना बल्ब जोडून, चालू स्थितीत तपासावा.

आता शेतात जाऊ. विहिरीवरील सिंगल फेज पंप १० अँपिअर प्रवाह घेतो आणि डांबापासून विहिरीपर्यंत जाऊन-येऊन तारेचा रोध २ ओहम आहे असे धरू. १० गुणिले २, म्हणजे २० व्होल्ट तारेतच गेले. २३० पैकी मोटरीला २१० मिळाले आणि २०० वॅट शक्ती नुसती तार तापविण्यात वाया गेली. चालू होताना मोटर याच्या कित्येक पट प्रवाह घेते. त्या क्षणी दाब आणखी घसरतो, मोटर नुसती घुमते आणि उचल घेत नाही. मोटरीचा पूर्ण हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण तारेचा हिशेब मात्र ओहम यांचाच. दुप्पट छेदाची तार घातली की रोध निम्मा होतो आणि नुकसानही निम्मे होते. लांब अंतराला बारीक तार घालून वाचविलेले पैसे जळालेल्या मोटरीच्या रिवाइंडिंगमध्ये जातात.

फ्यूजचेही तसेच. फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते. मर्यादेबाहेर प्रवाह गेला की ती तापून वितळते आणि घर वाचते. तो वारंवार जातो म्हणून त्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधण्याचा हा प्रकार आहे. मग फ्यूजऐवजी भिंतीतील वायर तापते. हे समजलेला एक मुलगा घरात असेल, तर त्या घरावरचे एक संकट टळते.

ओहम यांच्या आयुष्याकडे पाहिले तर काय दिसते? वडील कारागीर, आईचे छत्र लवकर हरपलेले, तरुणपणी वाया घालविलेले एक वर्ष, बंद पडलेली शाळा, चुकलेले पहिले सूत्र आणि अपमान करणारे टीकाकार. यांतील कोणतीच गोष्ट त्यांना थांबवू शकली नाही. स्वतःची चूक प्रसिद्ध झाल्यावर ती झाकण्याऐवजी त्यांनी नवा प्रयोग मांडला, हा तर त्यांचा सर्वांत मोठा गुण.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, घरातले ते डबडे पुन्हा उघडा. दोन सेल, एक रेझिस्टर, एक एलईडी आणि एक वही घ्या. आधी हिशेब वहीत करा, मग जोडणी करा, आणि मीटरचा आकडा वहीशी जुळतो का ते पाहा. जुळला तर आनंद आहेच. जुळला नाही तर निराश न होता कारण शोधा; खरे शिक्षण तेथूनच सुरू होते. आणि पालकांना विनंती एवढीच की, मुलाने जुना रेडिओ खोलला म्हणून त्याच्यावर रागावू नका. वेळ काढून त्याच्याशेजारी बसा. एर्लांगेनच्या त्या कुलूप-कारागिराने तेच केले होते.